काफिरिस्तानच्या लोकांचे मूळ शोधून ब्रिटिशांनी काय साधले?

धागालेखक : हिंदुकुश पर्वतातील, म्हणजे आजच्या पूर्व अफगाणिस्तानातील, काफिरिस्तानच्या लोकांबद्दल ब्रिटिशांना वाटणारे कुतूहल हे ज्ञानाच्या ओढीपेक्षा स्वतःचे नातेवाईक शोधण्याच्या हौसेतून आले होते, असे माझे ठाम मत आहे. पुढे पुण्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०९ मध्ये अफगाण राजा शाह शुजाच्या भेटीसाठी पेशावरला गेला, तेव्हा हे लोक ग्रीकांचे वंशज असल्याच्या समजुतीने त्यालाही ओढ लावली होती आणि माहिती काढण्यासाठी त्याने मुल्ला नजीबला तिकडे धाडले. गोरा वर्ण, द्राक्षांची दारू आणि बसायला चौरंग एवढ्यावर सिकंदराशी नाते जोडणारे लेखन पुढे शतकभर होत राहिले. मात्र ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांची सीमा ठरवणाऱ्या १८९३ च्या ड्युरँड कराराने काफिरिस्तानचा बहुतेक मुलूख अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमानकडे गेला, १८९५-९६ च्या हिवाळ्यात त्याने तो जिंकून सक्तीने धर्मांतर घडवले, त्याचे नाव नूरिस्तान ठेवले, आणि ज्यांना भाऊबंद म्हटले त्यांना ब्रिटिश सरकारने वाऱ्यावर सोडले.

प्रतिसाद १ : करार करणारे आणि अभ्यास करणारे यांना आपण एकाच मापाने मोजता आहात, हे मला मान्य नाही. जॉर्ज रॉबर्टसन हा डॉक्टर १८९०-९१ मध्ये काफिरिस्तानातील कामदेश गावी राहिला. इम्रा, गीश, दिझाने या देवता, अंत्यविधी, पूर्वजांचे लाकडी पुतळे हे सारे त्याने स्वतः पाहून लिहिले. पाचच वर्षांत तो धर्म संपवला गेला. काबूलला नेलेले पुतळेही २००१ मध्ये तालिबानने फोडले.

धागालेखक : रॉबर्टसनच्या नोंदींचे मोल मी नाकारत नाही, परंतु त्यातला टिकाऊ भाग हा डोळ्यांनी पाहिलेल्या आचारांचा आहे, कुळाच्या तर्कांचा नाही.

प्रतिसाद २ : कुळाचा प्रश्नच व्यर्थ होता, असे मात्र म्हणू नये. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ गेओर्ग मॉर्गनस्टिएर्न १९२४ मध्ये काबूलला गेले आणि त्यांच्या कामामुळे नूरिस्तानी भाषांचे वेगळेपण पुढे आले. आज त्या भारतीय आणि इराणी शाखांच्या बरोबरीची तिसरी शाखा मानल्या जातात. ड्युरँड रेषेच्या अलीकडे, आजच्या पाकिस्तानातील चित्रालमध्ये राहिल्यामुळे त्या धर्मांतरातून वाचलेल्या कलाश जमातीची भाषा तर भारतीय आर्य कुळातली, म्हणजे ग्रीकपेक्षा मराठीच्या कितीतरी जवळची आहे. सिकंदराची कथा त्याच प्रश्नाच्या नेटक्या उत्तराने मोडली. तरीही चित्रालच्या बुंबुरेत खोऱ्यातल्या कलाशांना आजही पर्यटकांपुढे सिकंदराचे वंशज म्हणूनच उभे केले जाते, आणि यात मी धागालेखकांच्या बाजूने आहे.