हुकूमनामा झाला, आता दरखास्त

बऱ्याच जणांना वाटतं की पैशाच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला म्हणजे कोर्टच पैसे वसूल करून देतं. तसं होत नाही हो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 खाली दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाच्या आदेशाची) अंमलबजावणी मागणारा अर्ज, आपणच दाखल करायची. मुदत 12 वर्षं आहे, पण तोवर समोरचा सगळं बायकोच्या नावावर करून मोकळा होतो.

आमचा छापखाना नारायण पेठेत. एका गिऱ्हाइकाकडे बिल थकलं, शिवाजीनगर कोर्टात दावा जिंकलो. जप्तीचं वॉरंट घेऊन बेलीफबरोबर (कोर्टाचा जप्ती करणारा कर्मचारी) दोनदा गेलो, दोन्ही वेळा दाराला कुलूप आणि आत पंखा चालू! शेवटी वकिलांनी त्याच आदेशाच्या नियम 41 खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागितलं. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हे कळल्यावर गडी नरमला. मग बँक खात्यावर जप्ती आणली.

समोरचा नोकरदार असेल तर पगारातले पहिले 1000 रुपये सोडून उरलेल्याचा एक तृतीयांशच जप्त होतो. पेन्शन आणि पीएफला हात लागत नाही. बँक खातं जप्त करायचं तर समोरच्याने पूर्वी दिलेला एखादा चेक असेल तो आधी शोधा, त्यावर बँक आणि खाते नंबर आयता मिळतो.