बोरन्हाणासाठी घरीच हलवा आणि दागिने: काटा येत नाही, दाणे चिकटतात

काटेरी_१४
बाळ एक वर्षाचं आहे. रथसप्तमीच्या आत बोरन्हाण करायचं आहे. हलवा, दागिने आणि काळं झबलं तिन्ही घरीच करायचं ठरवलंय. आई हलव्याला बसते, मी झबलं शिवते, मोठी मुलगी दागिने चिकटवते. अडचणी अशा:
१) दोन दिवस झाले तरी तीळ गुळगुळीतच आहेत, काटा नाही. मधेच चार-चार दाण्यांचे गठ्ठे होतात. पाक एकतारी, त्यात अर्ध्या लिंबाचा रस.
२) पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला हलवा तासाभरात ओला पडून घसरतो.
३) मुकुट आणि झबल्याची मापं काय घ्यावीत?

मंद_आच
लिंबाने घोळ केलाय. लिंबू घालतात ते मळी निघावी म्हणून, पण आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटतो. अशा पाकाचे खडे धरत नाहीत आणि तो हवेतलं पाणी ओढत राहतो. काटा म्हणजे शेवटी साखरेचा खडाच की! हा पाक सरबताला ठेवा आणि नवा करा.

२ वाट्या साखर, १ वाटी पाणी. उकळी आली की १ चमचा दूध घाला, वर येणारी मळी काढा आणि पाक फडक्यातून गाळा. एकतारीपर्यंत नेऊ नका. बोटांना चिकटला पाहिजे, पण तार धरायच्या आत गॅस बंद. घट्ट पाक दाण्यावर पसरायच्या आधीच सुकतो आणि परातीत नुसता भुगा पडतो. फार पातळ असला तर आधी आलेला काटा विरघळतो.

२ टेबलस्पून पांढरे तीळ पुरेत, जास्त घेतले तर हात फिरत नाही. जाड बुडाची पितळी परात किंवा कढई घ्या. आच इतकीच की बोटं बुडाला टेकवून ठेवता यावीत. पाक दर वेळी अर्धा चमचा, एका जागी न ओतता फिरवत सोडा. दाणे सुटे होऊन खडखडेपर्यंत हलवा, मगच पुढचा अर्धा चमचा. गठ्ठे होतात ते या घाईमुळेच. झालेच तर ओले असतानाच बोटांनी सोडवा, वाळल्यावर सोडवले तर तुकडे पडतात.

पहिल्या दिवशी काटा शोधूच नका. त्या दिवशी फक्त तीळ पांढरा होतो. रात्री परातीवर पातळ फडकं टाकून ठेवा, सकाळी भुगा चाळून काढा आणि पुन्हा सुरू. काटा साधारण तिसऱ्या दिवसापासून दिसतो. तेव्हापासून तळवा लावायचा नाही, फक्त बोटांच्या टोकांनी दाणे ढकलायचे. चोळलं की टोकं मोडतात. तुमचा गुळगुळीतपणा बहुधा लिंबू आणि तळवा या दोघांचा मिळून आहे.

हवा कोरडी आणि गार हवी. ढगाळ दिवशी काम बंद ठेवलेलं बरं. पाक भांड्यात घट्ट व्हायला लागला तर चमचाभर पाणी घालून कोमट करा. रंग हवा असेल तर शेवटच्या दोन-चार पुटांच्या पाकात केशर घाला, आधी घातलं तर वरच्या पुटांखाली झाकलं जातं.

दोन_थेंब
आमच्याकडे लिंबू घालतातच आणि काटा येतो. पण अर्धं लिंबू कुणी घालत नाही! दोन थेंब, बस्स.

मंद_आच
दोन थेंबांनी बिघडत नाही, मान्य. तरी दूध असताना लिंबाला हात कशाला लावायचा?

सुईदोरा
गोंदात पाणी असतं आणि हलवा साखरेचा, म्हणजे तो विरघळणारच. चिकटवायचंच असेल तर गोंदाचा पातळ थर कार्डशीटवर लावा, तो चिकट होईपर्यंत थांबा, मग दाणा नुसता टेकवा. चिकटवलेला हलवा नंतर कुणी खायचा नाही, हे मुलीलाही सांगा.

माळांना गोंद लागतच नाही. ४० नंबरचा पांढरा दोरा दुहेरी घ्या. दोन पदरांमध्ये दाणा धरा आणि लगेच गाठ मारा, मग पुढचा दाणा. काट्यात दोरा अडकतो म्हणून दाणा टिकतो, गुळगुळीत असला तर निसटतो. तिळाचा हलवा यासाठी बारीक पडतो. माळांना साबुदाण्यावर केलेला घ्या, पदकाच्या मधोमध भोपळ्याच्या बीचा.

मुकुट: डोक्याचा घेर मोजा. ४६ सेंमी असेल तर कार्डशीटची पट्टी ३६ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, मागे ८ सेंमी इलॅस्टिक. कार्डाची कड कपाळाला टोचते, म्हणून आतून मऊ कापडाचं अस्तर हवंच.

झबलं: पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ३० सेंमी रुंद, ३६ सेंमी लांब, शिवण वेगळी धरा. मागे गळ्यापासून १० सेंमी चीर आणि नाडी. गळ्याला ३ सेंमीची उरेब (कापडावर तिरकी कापलेली) पट्टी. काळं सुती कापड आधी धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर बाळाच्या लाळेने रंग सुटतो आणि पांढरा हलवा करडा दिसतो.

हलव्याची नक्षी थेट झबल्यावर नको. वेगळ्या काळ्या तुकड्यावर करा आणि तो कच्च्या टाक्याने झबल्याला जोडा. समारंभानंतर टाके उसवले की झबलं धुता येतं.

बोरं_ऊस
एक राहिलं. हार बाळाच्या गळ्यात मोकळा घालू नका, झबल्यालाच टाका. वर्षाचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि सुटलेला दाणा घशात अडकू शकतो. लुटीतही डोक्यावरून चुरमुरे ओता. बोरं, हरभरे आणि उसाचे करवे बाजूला पाटावर पसरा, मोठी मुलं तिथून उचलतील.

काटेरी_१४
नवा पाक दूध घालून केला, लिंबू बंद. साबुदाण्याला आच तिळाइतकीच ठेवायची का?

मंद_आच
तेवढीच, किंवा किंचित कमी. जास्त झाली तर साबुदाणा तडकतो आणि पूट सोलून निघतं. आधी कोरडाच कोमट करून घ्या, भिजवायचा नाही. तयार हलवा पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरला तर डब्यातच घाम सुटतो आणि चार दिवसांचा काटा एका रात्रीत बसतो.