झाडीपट्टीचा दौरा: एका गावचा पडदा पडल्यापासून दुसऱ्या गावचा उघडेपर्यंत

भाऊबीज झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या निघतात त्या थेट होळीपर्यंत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे चार जिल्हे, हीच झाडीपट्टी. कुठे मंडई (गावची जत्रा), कुठे शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, पहाटे पडदा आणि सकाळी पुढच्या गावचा रस्ता. रंगमंचावर काय होतं त्याबद्दल लोक लिहितात. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव दूरवर पोचलं. पण दोन प्रयोगांमधल्या त्या बारा-चौदा तासांबद्दल कोणी लिहीत नाही, आणि रात्रीचं नाटक बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच तासांत. म्हणून ऑर्गनवाले, तबलजी, गाडीवाले, लाइटवाले सगळ्यांनाच विनंती आहे की अनुभवातून जे पक्कं ठरलंय ते या धाग्यावर मांडा. किस्से पुन्हा कधीतरी. आज वस्तू, मापं, कारणं आणि उपाय एवढंच लिहा. नव्या पोरांच्या कामी येईल.

ऑर्गनवाला, ब्रह्मपुरी तालुका

पहिला शत्रू दव. डिसेंबर-जानेवारीत रात्री दोननंतर दव पडायला लागतं, आणि वादक बसतात रंगमंचासमोर, जवळजवळ उघड्यावर. ऑर्गनवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, प्लॅस्टिक टाकू नका. यंत्र गरम असतं, बाहेरची हवा गार, प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि ते थेट पट्ट्यांच्या फटीत उतरतं. जुनी सुती चादर दुहेरी करून टाका. ती ओल पिते, पण कोंडून ठेवत नाही. नाटक संपल्यावर बंद करून लगेच पेटीत कोंबू नका, पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, कोरड्या फडक्याने पुसा, मग ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. आठवड्यातून एकदा त्या तव्यावर मंद आचेवर गरम केल्या की पुन्हा ओल ओढतात. मात्र पुडी कागदाची किंवा प्लॅस्टिकची असेल तर दाणे बाहेर काढूनच गरम करा, आणि तो तवा स्वयंपाकाला परत वापरू नका.

दुसरं म्हणजे अॅडॉप्टर. यंत्रं जळतात ती पावसापेक्षा अदलाबदल झालेल्या अॅडॉप्टरने जास्त. ऑर्गनचा १२ व्होल्टचा, दुसऱ्या कुठल्या यंत्राचा ९ चा, पिना सारख्याच. त्यात मधली पिन एकाची प्लस, दुसऱ्याची मायनस. प्रत्येकावर ऑइलपेंटने यंत्राचं नाव आणि व्होल्ट लिहा. चिकटपट्टी दवात सुटते. आवाजांची सगळी सेटिंग दोन पेनड्राइव्हवर ठेवा आणि दुसरा पेनड्राइव्ह वेगळ्या गाडीत.

ज्यांच्याकडे अजून पायपेटी किंवा हातपेटी आहे त्यांच्यासाठी: ओलीने लाकूड फुगून पट्टी अडकली तर पट्टी घासू नका, दुपारच्या उन्हात झाकण उघडून अर्धा तास ठेवली की बहुधा सुटते. स्वर बोलत नसेल तर सुराच्या पत्तीखाली धूळ असते. पातळ कागद पत्तीखालून सरकवा, हळूच ओढा. ब्लेडने खरवडलं की सूर चढतो नाहीतर उतरतो, आणि तो परत जागेवर आणणं गावात होत नाही.

तबलजी

दवाने चामडं सैल पडतं, सूर उतरतो. हॅलोजनसमोर ठेवलं की चामडं सुकून चढतो. एकाच रात्रीत दोन्ही होतं, म्हणून पहिल्या अंकाआधी मिळवलेला तबला तिसऱ्या अंकाला चालेलच असं धरून बसू नका. निदान दोन दायाँ (उजव्या हाताचे तबले) बाळगा. काळी एकसाठी (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरासाठी) सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा आणि काळी चार-पाचसाठी सहा इंचाचा. लहान तोंडाचा तबला ठोकून ठोकून खाली आणता येत नाही, आणला तरी आवाज मरतो.

उतरलेला तबला शेकायचा असेल तर शेकोटीपासून दीड-दोन हात लांब धरा आणि सतत फिरवत राहा. जवळ धरला की शाईला (तोंडावरच्या काळ्या गोलाला) बारीक तडे जातात, आणि मग ती खपल्या-खपल्यांनी निघते. प्रवासात गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) वर चढवून ताणलेला ठेवू नका, हातोडीने थोडे खाली उतरवून ठेवा. गाडी दिवसा उन्हात उभी राहते, चामडं आवळतं आणि आधीच ताण असेल तर किनारीजवळ फाटतं. डग्ग्याच्या तोंडावर जाड गादी हवी, कारण गाडीत त्याच्यावर कोणी ना कोणी बसतंच.

गाडीवाला, आरमोरी

भरण्याचा क्रम सांगतो. नाटक संपलं की वाद्यं पहिली बांधली जातात आणि स्टेज शेवटी सुटतं. पुढच्या गावी उलट, स्टेज आधी लागतं आणि वाद्यं शेवटी. म्हणजे जे आधी बांधलं ते आत जातं आणि शेवटी निघतं, क्रम आपोआप जुळतो. पण वजन जुळत नाही. लोखंडी पाइप शेवटी चढतात आणि वाद्यांवर पडतात. म्हणून केबिनच्या पाठीला आधी स्पीकरचे डबे, दोन थर, पट्ट्याने आवळून. त्यांच्या मागे वाद्यं, आणि वाद्यं व पाइप यांच्यात उभी फळी. ४०७ ट्रकमध्ये ही फळी दोन खाचांत सरकवता येईल अशी करून घ्या. जड माल अगदी मागे टाकला तर पुढची चाकं हलकी होतात आणि कुरखेडा-कोरची रस्त्यावर बेडगावच्या घाटात स्टिअरिंग हातात राहत नाही.

पडद्यांचे बांबू लांब असतात, गाडीबाहेर येतात. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत. बांबूचे दोन तुकडे करून मध्ये हातभर लोखंडी नळी बसवा. दोन्ही बाजूंनी आरपार एकेक बोल्ट टाकला की पडद्याचं वजन धरतो.

आता बांधी. नाटकाची जागा म्हणजे धान कापलेली बांधी (बांध घातलेलं शेत), वरून कोरडी, आतून कधी कधी मऊ. अवकाळी पाऊस येऊन गेला असेल तर दोन-तीन दिवस वरची पापडी फसवते. उतरण्याआधी सब्बल (पहार) मारून पाहा. वीतभर सहज गेली तर गाडी पारेवरच (बांधावरच) उभी करा आणि माल माणसांनी न्या. गाडी फसलीच तर रेस करू नका, चाक खड्डा खोदतं. जॅकखाली फळी ठेवा, चाक उचला, खाली पळसाच्या फांद्या नाहीतर ओला बारदाना टाका, टायरची हवा निम्म्यापर्यंत काढा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. हवा परत भरायला पायपंप जवळ असू द्या, कमी हवेने डांबरी रस्त्यावर वेगात चालवलं की टायरची बाजू कापते.

लाइट-साउंडवाला

गाडीवाले भाऊ, एक पुरवणी जोडतो. फसलेल्या चाकाखाली तणस (धानाचा पेंढा) टाकायची सवय आहे आपल्याकडे. टाकू नका. तणस गोल फिरून शाफ्टला गुंडाळते, आणि कोरडी असेल तर तापलेल्या सायलेन्सरला लागून पेट घेते. बांधीत तणशीच्या ढिगाजवळ गाडी किंवा जनरेटर उभा करायचा नाही, हे मी सगळ्यांत आधी पाहतो.

विजेचं सांगायचं तर गावच्या लाइनवर सरळ जोडू नका. आधी मल्टिमीटर. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास हवं. हिवाळ्यात रब्बीचे पंप रात्रीच्या लायटीवर चालतात, तेव्हा १७०पर्यंत पडतं. कमी व्होल्टेजला अॅम्प्लिफायर दबतो, बंद पडतो, पण बहुतेकदा वाचतो. खरा घात न्यूट्रल सुटण्यात आहे. तीन फेजवर लोड वाटलेला असतो. मधली न्यूट्रलची तार सैल झाली की ४००-४१५ व्होल्ट दोन फेजमधल्या सामानात वाटून घेतले जातात, आणि ज्या फेजवर लोड हलका त्याच्या वाट्याला जास्त येतात. हॅलोजन ज्या फेजवर, ती भारी. ऑर्गन-मिक्सर ज्या फेजवर, ती हलकी. म्हणजे ३०० व्होल्टच्या पुढे जातं ते नेमकं ऑर्गनवर. दिवे अचानक काही लख्ख आणि काही मंद झाले की काही विचार न करता मेन पाडायचा. न्यूट्रलचा जोड हाताने पिळलेला नको, लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून बोल्टने आवळलेला हवा, आणि दोन तासांनी उलट्या हाताने अंदाज घ्यायचा: इन्सुलेशन गरम लागलं तर जोड सैल आहे. उघड्या तांब्याला बोट लावायचं नाही, टेस्टर असला तरी.

जनरेटर १५ केव्हीएचा म्हणजे १२ किलोवॅट. हजार वॅटचे आठ हॅलोजन आणि तीन किलोवॅटचा साउंड मिळून ११ होतात, हे फार काठावर आहे. हॅलोजन सहावर आणा किंवा अर्ध्यांच्या जागी एलईडीचे पार (PAR) दिवे लावा. पाऊण लोडवर ताशी तीनेक लिटर डिझेल जातं, रात्र नऊ तासांची धरा आणि ३५ लिटर घेऊन चला. गावची लाइन आणि जनरेटर यांच्यात चेंजओव्हर स्विच पाहिजेच. तो नसताना दोन्हीकडून जोडलं तर आपल्या जनरेटरचा करंट गावच्या तारेत उलटा जातो, आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेततं.

माइकला ओठ लागले की झटका बसतो, त्याचं कारण अर्थिंग. कोरड्या बांधीत नुसता रॉड ठोकून भागत नाही. दोन हात खड्डा करा, रॉडभोवती कोळसा आणि मीठ घाला, बादलीभर पाणी ओता, आणि मध्यंतराला पुन्हा बादलीभर. गूं असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे पाहिले आहेत, हे करू नका. आवाज जातो पण गायिकेच्या हातात वीज येते. सगळी वाद्यं, मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून घ्या, डिमर वेगळ्या फेजवर टाका, गूं बहुतेक जातो. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावा. त्या बोर्डात तेवढी एकच वस्तू माणूस वाचवते.

पडदेवाला

दवाने भिजलेला रंगवलेला पडदा सकाळी गुंडाळला की रंग रंगाला चिकटतो, आणि दोन दिवसांत काळी बुरशी धरते. पुढच्या गावी पोचल्यावर जेवणाआधी तो उन्हात उलगडा. तासभर पुरे, पण रंगाची बाजू खाली करून, थेट उन्हाने रंग फिका पडतो. धानाचे दिवस म्हणजे उंदरांचेही दिवस. पडदे, केबल तणशीच्या बाजूला रात्रभर ठेवले तर कुरतडलेले मिळतील.

दुसरा गाडीवाला, लाखांदूर-वडसा मार्ग

गाव सापडणं हेही कामच आहे बाप्पा. इसार घेताना नुसतं गावाचं नाव लिहून घेऊ नका. पळसगाव, चिखली या नावाची गावं एका तालुक्यात नाही तर दुसऱ्यात निघतातच. नावापुढे माल, चक, तुकूम, टोला काय आहे, तालुका कोणता, जवळचं बाजाराचं गाव कोणतं, एवढं विचारा. नावापुढे रिठ असेल तर महसुली नोंदीत गाव असतं पण वस्ती नसते, आणि मोबाइलचा नकाशा बिनदिक्कत तिथे नेऊन सोडतो. रात्री जंगलात गाडी वळवायला जागा नसते. नाटक बोलावणाऱ्या गावच्या मंडळाच्या दोघांचे नंबर घ्या, एक नंबर गावातला आणि एक रेंज असलेल्या गावातला.

गाडी बंद पडण्याचं मुख्य कारण डिझेल. टाकी कोरडी झाली की जुन्या इंजिनात हवा शिरते. टाकी भरून फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि हँडप्रायमर दाबत राहा. आधी फेस येतो, मग फेस-डिझेल मिसळून, मग निव्वळ धार. धार सलग झाली की प्रायमर दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, बॅटरी तेवढीच असते. नव्या कॉमनरेल इंजिनात पाइप सैल करायला जाऊ नका. तिथे दाब फार असतो, धार कातडीत घुसते. फिल्टरखालचा पाण्याचा नळ मात्र दोन्हींत दर चार-पाच दिवसांनी सोडायचा. कॅनमधून घेतलेल्या डिझेलात पाणी असतंच.

जवळ ठेवायचं: फॅनबेल्ट, दोन होजक्लिप, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, बाइंडिंग तार, आणि स्प्रिंगचा पाटा तुटला तर अॅक्सल आणि चेसिसमध्ये घालायला सागाचा ठोकळा. ठोकळ्यावर वीसच्या वेगाने गॅरेजपर्यंत जाता येतं, पुढच्या गावापर्यंत नाही.

पहाटेचं धुकं वैनगंगेच्या पुलांवर सगळ्यांत दाट असतं. अप्पर (लांबचा उजेड) मारला की समोर पांढरी भिंत दिसते, डीपर (जवळचा उजेड) ठेवा आणि डाव्या कडेची पांढरी रेघ धरा. धानाच्या ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तीही आहेत. रस्त्यावर दिसले तर हॉर्न नको, डीपरवर थांबा, शक्य तितकं मागे घ्या.

धागाकर्ता

दादा, झोपेचं राहिलं. पहाटे चार ते सहा ही वेळ गाडीवाल्यांची.

दुसरा गाडीवाला

हो जी. नियम एकच पाळायचा, गाडीवाल्याला स्टेजच्या कामाला लावायचं नाही. पहिली घंटा झाली की तो झोपला पाहिजे, रात्री दहा ते चार, आणि मंडळाकडून त्याचं जेवण नऊलाच मागून घ्यायचं. तो झोपतो केबिनमध्ये. इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपायचं नाही. निखाऱ्याची शेगडी जीपमध्ये किंवा बंद मेकअपच्या तंबूत घ्यायची नाही. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग उठताच येत नाही. थंडीसाठी दोन जाड चादरी आणि खाली बारदाना, आणि केबिनची एक काच चार बोटं उघडी.