मदत हवी आहे: एक्स्चेंजमध्ये दिलेली बाबांची सीडी १०० मोटरसायकल शोधायची आहे

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितोय, समा भागात राहतो. विचारायचंय थोडंच, पण आधी गाडीबद्दल सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बाबांनी १९९६ साली हीरो होंडाची सीडी १०० एसएस घेतली. ते कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टला जायचे. दुसरी पाळी करून रात्री परत येताना गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गिअर उतरवला की तो आवाज आईला घरात कळायचा आणि ती उठून आमटी गरम करायला ठेवायची. खिडकीतून बघायची तिला कधी गरज पडली नाही. २०१३ साली बाबा गेले. गाडी मी माझ्या नावावर करून घेतली आणि चालवत राहिलो. पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा आरसी बाबांनीच रिन्यू केली होती, पुढे पाच-पाच वर्षांनी २०१६ आणि २०२१ला मी केली.

३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात वीस इंच पाऊस पडला, तेव्हा गाडी टाकीपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर मी तिला लगेच किक मारली नाही, ही बाबांचीच शिकवण. आधी प्लग काढला, मग हाताने किक हळूहळू दाबून सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर काढलं. ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं बाहेर आलं, म्हणून ते दोनदा बदललं. कार्बोरेटरच्या वाटीत बोटभर गाळ होता. चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि आई दारात येऊन उभी राहिली.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा चढली. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५च्या वर गेलं. या वेळी फ्रीज, गाद्या, मुलीची वह्यापुस्तकं, सगळंच गेलं होतं आणि गाडीकडे बघायला माझे हात मोकळे नव्हते. दसऱ्याला एका शोरूमची एक्स्चेंज ऑफर होती. त्यांनी सीडीचे सहा हजार धरले, फॉर्मवर माझ्या सह्या घेतल्या, दोन माणसं ती ढकलत मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. मी नव्या १६० सीसीच्या चाव्या घेतल्या.

नव्या गाडीत खोट नाही. इंजेक्शनची आहे, थंडीत बटण दाबताच सुरू होते. पावसात फतेगंजच्या पुलाखाली एक कुत्रं आडवं आलं तेव्हा एबीएसने, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकने वाचवलं, जुन्या ड्रम ब्रेकवर मी नक्की पडलो असतो. पण सीडीचे चारही गिअर पुढे दाबून पडायचे, हिचा पहिला खाली आणि बाकीचे वर. आठ महिने झाले तरी तिसरा टाकायला पाय खालीच दाबतो आणि गाडी झटका देते. मागे मुलगी बसलेली असते. गाडी लावली की डावा हात अजून टाकीखाली जातो, पेट्रोलचा कॉक बंद करायला. तिथे कॉक नाही.

मला ती गाडी परत हवी आहे. कुठे असेल ते कसं शोधायचं? आणि ज्याने ती घेतली त्याच्याकडे मागायला जाणं बरोबर होईल का? पायाची सवय कशी मोडायची, तेही कुणी सांगा.

— समाकर

ऑइलसील:
आधी एक तातडीची गोष्ट. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतंच. आठ महिन्यांनीही तुमचंच नाव असेल तर शोरूमने ट्रान्सफर केलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. सह्या करून फॉर्म दुसऱ्याच्या हातात दिले म्हणजे काम झालं, असं आपल्याकडे फार जण समजतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे तोच मालक, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरकडे गाडी दिली की फॉर्म २९सी भरून तसं कळवायची सोयही आहे. तुमच्या शोरूमने काय भरलं, ते लेखी मागा.

दांडियाबाजार:
दादा, शोरूमवाले जुनी गाडी स्वतः ठेवत नाहीत. महिन्या-पंधरा दिवसांनी दलाल येतो आणि चार-पाच गाड्या एकदम उचलतो. शोरूमच्या मॅनेजरला विचारू नका, मागच्या शेडमध्ये गाड्या धुणाऱ्या पोराला विचारा. कोणता दलाल येतो ते त्यालाच माहीत असतं. आमच्या काकांची राजदूत मोटरसायकल अशीच सापडली होती, पादरा गावाजवळ.

शंभर सीसीची जुनी हीरो होंडा गावाकडे अजून लगेच खपते. भंगारात गेली असेल असं आत्ताच मनात आणू नका.

चेनकव्हर:
पायाबद्दल लिहिते. मी वडिलांच्या सीडीवर शिकले, मग माझ्याही वाट्याला उलट्या गिअरची गाडी आली. मी रोज सकाळी गाडी घरातच मेन स्टँडवर घ्यायची, इंजिन बंद, मागचं चाक हाताने फिरवत गिअर वर-खाली करायचे, तोंडाने नंबर म्हणत. तीन आठवडे केलं. आणि मुलीला मागे बसवून रस्त्यावर सराव करू नका, एवढं ऐका.

आईंना विचारलंत का, त्यांना गाडी परत हवी आहे का? वडिलांची वस्तू परत आणायची ठरवताना आम्ही मुलं आपल्याच मनाचं बघतो. माझ्या घरी असं झालं होतं. मी स्कूटर परत आणली आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ऑइलसील:
अजून एक. नाव तुमचंच असेल तर परत घेताना ट्रान्सफरही करावी लागणार नाही. सही केलेले फॉर्म मात्र मूळ परत घ्या आणि समोर फाडा. गाडी तीच आहे का ते नंबर प्लेटवरून ठरवू नका. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी ताडून बघा. १९९६ची आहे म्हणता, म्हणजे रिन्युअल २०२६मध्ये पुन्हा येईल, तेही लक्षात ठेवा.

समाकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ॲपवर नाव माझंच निघालं. वाचून पोटात गोळा आला. शोरूमला आजच लेखी अर्ज दिला.

शेडमधल्या पोराने दलालाचा नंबर दिला. गाडी डभोईकडच्या एका दूधवाल्याकडे आहे, रोज पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लावून फिरते. त्याच्याशी फोनवर बोललो. भला माणूस आहे. कागद नावावर नाहीत म्हणून तोही काळजीत होता. म्हणाला, "एन्जिन सारुं छे, भाई, पण मारे तो रोज जोईए." म्हणजे इंजिन चांगलं आहे, पण मला तर ती रोज लागते. त्याचं पोट त्या गाडीवर आहे, हे ऐकल्यावर नुसते पैसे देऊन गाडी काढून घेणं मला पटेना. मित्राची २०१४ची स्प्लेंडर विकायची आहे, चालू आहे, कागद स्वच्छ आहेत. ती मी घेऊन त्याच्या नावावर करून देईन आणि सीडी आणीन, असं सुचवलं. बघून सांगतो म्हणाला. नाही म्हणाला तर सीडी रीतसर त्याच्या नावावर करून देणार, पुन्हा मागणार नाही.

चेनकव्हरताई, आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, कॅरिअरला बाबा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायचे, डबा हलू नये म्हणून, ती अजून आहे का बघ. पट्टी मी काढलेली नव्हती, एवढं मला पक्कं आठवतंय.

स्प्लेंडरवरूनच रविवारी सकाळी डभोईला निघतोय. आई बरोबर येते म्हणाली. आरसीची झेरॉक्स, पेन्सिल आणि पातळ कागद पिशवीत ठेवलाय. सहा वर्षांपूर्वी बुडालेल्या आणि गेल्या वर्षी पुन्हा बुडालेल्या इंजिनात आणखी काय तपासून बघावं, ते शनिवारपर्यंत कुणी लिहिलं तर फार मदत होईल.