रायफलची खरी परीक्षा कुठली: टेबलावरचा ग्रुप की थंड नळीची पहिली गोळी?

डोंगरवाट
मी नॉर्वेत राहतो, यंदा चौथ्यांदा रेनडियरच्या शिकारीला जाणार. इथे मोठ्या प्राण्यांच्या शिकारीआधी दरवर्षी चाचणी द्यावी लागते: १०० मीटरवर रेनडियरचं चित्र, पाच गोळ्या, पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात. पण ती माणसाची परीक्षा. रायफल तपासायची म्हणून जो तो ती टेबलावर टेकवून तीन गोळ्या मारतो आणि नाण्याएवढा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, दाखवतो. मला ते पटत नाही.

मी एकच पुठ्ठा जपून ठेवलाय. रेंजवर जाईन त्या दिवशीची पहिली, थंड नळीची एकच गोळी त्यावर. ऊन असो, पाऊस असो, उणे दहा असो. बारा दिवसांची बारा भोकं. दहा तळहाताखाली झाकली जातात. दोन मात्र सहा-सात सेंटिमीटर खाली डावीकडे. वहीत पाहिलं तर दोन्ही वेळा आदल्या रात्री नळीला तेल दिलेलं. जनावराला लागते ती पहिलीच गोळी, मग तपासायची तीच.

नेमबाज_बालेवाडी
दादा, इथे मी ठाम विरोधात आहे. आम्ही ५० मीटरवाले काडतुसांचा लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) निवडताना रायफल शिकंज्यात आवळतो, म्हणजे माणसाची चूक बाजूला राहते. तुमच्या बारा भोकांत थंडी, वारा, जाड जाकीट, त्या दिवशीचा तुमचा हात, सगळं कालवलंय. थंडीत काडतुसातली दारू मंद पेटते, गोळीचा वेग घटतो. मग दोष तेलाचा कशावरून? एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोळ्यांवर भरवसा नको, हे शंभर टक्के मान्य. त्याच रायफलचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरी दीडपट तरी पसरतो. म्हणून आधी एकाच हवेत दहा मारा, मधे नळी निवू द्या.

डोंगरवाट
त्या दोनांतली एक जुलैतल्या उबदार दुपारची आहे, त्यामुळे थंडीचा प्रश्नच नाही. आणि जाड जाकीट वगळून काय मिळवायचं? डोंगरावर ते अंगात असणारच.

रानवाटा
दोघांनी दस्त्याचा, म्हणजे नळी ज्यावर बसते त्या भागाचा, विषयच काढला नाही. माझा लाकडी आहे. आठवडाभर पावसात फिरलो आणि गोळ्या एकाच बाजूला सरकायला लागल्या. मी स्कोपचे (नेम धरायच्या दुर्बिणीचे) स्क्रू आवळत बसलो. शेवटी कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून पाहिली, तर पुढच्या टोकाशी अडकली. लाकूड फुगून नळीला टेकलं होतं. कोरड्या दिवशी टेबलावर शंभर गोळ्या मारल्या असत्या तरी हे दिसलं नसतं.

नेमबाज_बालेवाडी
पण दोष सापडला तो पट्टीने, म्हणजे एकच गोष्ट वेगळी काढून बघितल्यावर! नुसत्या पुठ्ठ्याने तुम्हाला स्क्रूच आवळायला लावले.

डोंगरवाट
काहीतरी बिघडलंय हे मात्र पुठ्ठ्यानेच सांगितलं. २० ऑगस्टला हंगाम सुरू होतोय. तोवर तेलाचं तुम्ही म्हणता तसं बघतो: एकच दिवस, एकच लॉट, एकदा तेलकट नळी, एकदा कोरडी. पुठ्ठा मात्र सोडणार नाही. पहिली गोळी कुठे जाईल याची खात्री नसेल, तर जखमी जनावर दगडांतून शोधत फिरावं लागतं, आणि ते मला नको आहे.