मदत हवी आहे: ईटीपीची टाकी पुन्हा बसली

टाकीवाला: मंडळी, तातडीने मदत हवी आहे. फळं धुण्याच्या पाण्याची ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) आहे. एअरेशन (हवा सोडायच्या) टाकीवर तपकिरी फेस, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) खाली यायचं नाव घेत नाही. कल्चर (घाण खाणारे जिवाणू) टाकलं की थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. चांगलं कल्चर कुठलं, एवढंच सांगा. लेक्चर नको.

नाना_लॅब: फळांना औषध कोणतं? पीएच? बीओडी (जिवाणूंना खाता येईल अशा घाणीचं माप) आणि सीओडी?

टाकीवाला: नेहमीचंच बुरशीनाशक. पीएच ठीक आहे.

नाना_लॅब: 'नेहमीचं' या नावाचं बुरशीनाशक अजून पाहण्यात आलं नाही.

मातीमाय: कल्चरबिल्चर सोडा हो. शेण, गूळ, ताक रोज ओता. जीव आपोआप तयार होतात.

गाळउपसा: आणि सीओडी आपोआप वाढतो.

टाकीवाला: डबे बघून आलो. इमॅझॅलिल आणि थायबेंडाझोल.

नाना_लॅब: साठवणीत फळ सडू नये म्हणून वापरतात ती. सहजासहजी मोडत नाहीत. एक लिटरच्या जारमध्ये टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवा. गाळ बसूनही वरचं पाणी गढूळ राहिलं, तर एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. पळणारे प्रोटोझोआ (एकपेशी सूक्ष्मजीव) गायब असतील तर विषबाधेचा संशय घ्या, त्यांना मार लवकर बसतो. अशा टाकीत कुठलंही कल्चर ओता, तेही मरणार.

फेंटनभक्त: फेंटन (रसायनांनी औषध मोडायची पद्धत) करा. पीएच ३ च्या आसपास, फेरस सल्फेट, हायड्रोजन पेरॉक्साइड. विषय संपला.

गाळउपसा: उरलेलं पेरॉक्साइड टाकीत गेलं की जिवाणूंचाच विषय संपेल. सीओडीचा आकडाही ते उगाच फुगवतं.

फेंटनभक्त: ते मोडून, पीएच ७ ला आणून मगच सोडायचं असतं. हेही लिहायला हवं होतं का?

गाळउपसा: हो.

जलदीप: घरच्या आरओचं पाणी कडवट लागतंय. मेम्ब्रेन बदलू का?

नाना_लॅब: वेगळा धागा काढा.

रानवाट: स्वीडनमधून आलेला बायोबेड कुणीच कसा सुचवला नाही? निम्मा पेंढा, पाव पीट (दलदलीतला कुजका पाला), पाव माती. पेंढ्यावर लिग्निन (त्यातला चिवट भाग) मोडणारी बुरशी वाढते, तिचीच विकरं कीटकनाशकंही तोडतात.

गाळउपसा: फवारणी पंप धुतल्याच्या पाण्याला उत्तम. इथे रोजचा लोंढा आहे, खालून निसटून जाईल. शिवाय बुरशीच्या भरवशावर बुरशीनाशक सोडताय!

नाना_लॅब: टाकीवाले, फेस कोणत्या दिवशी येतो?

टाकीवाला: बहुतेक सोमवारी. शनिवारी ड्रेंचरची (फळांवर औषध ओतणाऱ्या यंत्राची) टाकी रिकामी करतो ना. सगळेच करतात, म्हणून लिहिलं नाही.

नाना_लॅब: अहो, मग झालं! आठवडाभराचं घट्ट औषध एका दमात जातंय. ते नाल्यात सोडूच नका, वेगळं साठवा. त्या थोड्या पाण्यावर फेंटन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) परवडतं. नंतर इक्वलायझेशन टाकीतून (पाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारी टाकी) थेंबाथेंबाने सोडा. आणि नत्र-स्फुरद तपासा, बीओडी १०० ला नत्र ५ आणि स्फुरद १ लागतं.

फेंटनभक्त: म्हणजे फेंटनच.

मातीमाय: निघालेला गाळ तरी खतात घालू द्या.

गाळउपसा: अजिबात नको. इमॅझॅलिल गाळाला चिकटून बसतं. पाण्यातून गेलं म्हणजे मोडलंच असं नाही.

टाकीवाला: साठवायला डिझेलची जुनी टाकी पडून आहे. धुवून चालेल?

नाना_लॅब: नको. गळकी नसलेली प्लास्टिकची बघा. आणि पीएच 'ठीक' म्हणजे किती, ते अजून आलेलं नाही.