एकच खड्डा चौथ्यांदा बुजवला, तक्रार चौथ्यांदा 'निकाली'. मदत हवी आहे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता आधी नुसता दबला होता. आता तिथे खड्डा आहे आणि खड्ड्यात कुणीतरी तुटकी प्लास्टिकची खुर्ची उभी केली आहे, निदान अंधारात दिसावी म्हणून. दीड वर्षात तो चार वेळा बुजवला. मी ऑनलाइन तक्रार करतो, दोन-तीन आठवड्यांनी टेम्पो येतो, गार झालेलं खडी-डांबर ओततात, फावड्याने थापटतात, वरून टेम्पोचं चाक फिरवतात आणि फोटो काढून जातात. संध्याकाळी मेसेज: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' महिनाभरात सगळी खडी रस्ताभर.

मला वाटतं दुखणं वरच्या थरात नाहीच. पाऊस नसतानाही कडेला ओल असते. मागचं डांबर सोलून निघालं तेव्हा खाली नुसता मऊ चिखल होता. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. रस्ते विभाग म्हणतो, आधी पाणीवाल्यांना गळती काढू दे. पाणीवाले म्हणतात, गळती दिसत नाही, आणि खोदायचं तर रस्त्याकडून परवानगी आणा. परवा शेजारचे काका स्कूटरसकट आडवे झाले. खरचटण्यावर निभावलं.

गळती पाण्याच्या लाइनची की सांडपाण्याची, हे आपल्याला ओळखता येतं का? आणि तक्रार कशी लिहिली तर नुसता टेम्पो न येता खोदून बघतील?

प्रतिसाद १
खड्ड्यात साचलेलं पाणी बाटलीत घ्या आणि लगेच क्लोरीन तपासा. पोहण्याच्या तलावासाठी पट्ट्या मिळतात, त्या चालतील. क्लोरीन सापडला तर पाणी बहुतेक पुरवठ्याच्या लाइनचंच. नाही सापडला तर मात्र 'आमची गळती नाही' हे कबूल करू नका, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन संपतो. पाणी सोडायच्या वेळा ठरलेल्या असतील तर तेव्हा ओल वाढते का, तेही चार दिवस लिहून ठेवा. घाण वास असेल तर संशय सांडपाण्यावर.

प्रतिसाद २
'खड्डा' लिहिलंत की खड्डेवालेच येणार! विषयात 'रस्त्याखालील माती वाहून जात आहे, रस्ता खचण्याचा धोका' असं लिहा. चारही जुने तक्रार क्रमांक त्यातच द्या आणि दोन्ही विभागांची संयुक्त पाहणी मागा. रस्ता अलीकडे झाला असेल तर दोषदायित्व कालावधी संपलाय का तेही विचारा. तो चालू असेल आणि दोष कामातला निघाला, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. गळती काढल्यावर तरी चिखल पूर्ण उपसून, कडा चौकोनी कापून, भराव थराथराने दाबून घ्यायला लावा. चिखलावर कितीही डांबर ओता, ते बसणारच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पट्ट्या मागवल्यात. खुर्ची बाजूला करून, पट्टी धरून फोटोही काढले, खोली साडेचार इंच भरली. एकच अडचण, चारपैकी दोनच तक्रार क्रमांक सापडले. बाकीचे मेसेज मी फोन साफ करताना उडवले, आणि पोर्टलवर निकाली तक्रारी आता दिसत नाहीत. नुसत्या मोबाइल नंबरवरून जुने क्रमांक काढून घेतलेत का कुणी?